खडकांचे बल व भंजन

खडकांचे बल व भंजन : खडकावर येणाऱ्या प्रेरणेला न तुटता तोंड देण्याची त्याची क्षमता म्हणजे त्या खडकाचे बल होय. ही क्षमता ओलांडली गेली म्हणजे खडकाची सलगता नाहीशी होऊन त्यात भेग पडते. या क्रियेला भंजन म्हणतात. बल हा खडकाचा कायमचा ठरलेला गुणधर्म नाही. तापमान, सभोवारचा दाब, छिद्रांतील व भेगांतील पाणी, प्रेरणा लावण्याचा वेग आणि आधीच असलेल्या भेगा यांनुसार एकाच खडकाचे बल पुष्कळ कमीजास्त होते. उष्णतेमुळे खडक तडकतो आणि उष्णतेमुळेच तो मऊ होऊन न तडकता वाकूही शकतो. दाबामुळे त्याचा चुरा होतो आणि दाबामुळेच त्याचे बल वाढते. या वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या परिणामांचा उलगडा झाल्याशिवाय विहिरीला पाणी का लागते, धरणाचा पाया का झिरपतो आणि भूकंप ठराविक खोलीतच का होतात, हे समजत नाही.

या परिणामांची उदाहरणे येथे मुख्यतः बीड जिल्ह्यातील घेतली आहेत. गोदावरी, सिंदफणा इ. नद्यांकाठचा गाळ सोडल्यास हा सर्व जिल्हा दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सु. ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भेगांवाटे बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे एकावर एक थर साचून हा खडक तयार झाला. बालाघाटच्या डोंगररांगेत या थरांच्या पायऱ्या दिसतात. येथे पाऊस बेताचा, वर्षाला सरासरी सु. ६५० ते ७०० मिमी., आणि तोही बेभरवशाचा असल्यामुळे खडकातील भेगा हा जिल्ह्यातील वस्तीच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय आहे. बेसाल्टाच्या सलग भागात पाणी जवळजवळ मुरत नाही. जे साठते ते भेगांत व झिजलेल्या भागात साठते.

प्रतिबल व बल : खडकाच्या एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या प्रेरणेला प्रतिबल म्हणतात आणि प्रतिबलामुळे आकारमानात वा आकारात होणाऱ्या सापेक्ष बदलाला विकृती म्हणतात. प्रतिबल मेगापास्काल या एककात मोजतात. १ मेगापास्काल म्हणजे दर चौ. सेंमी. वर सु. १० किग्रॅ. भार. खडकाचे बल तीन प्रकारे मोजतात : दाबून चिरडण्यास लागणारे संपीडन बल, ओढून तोडण्यास लागणारे ताणबल व एक भाग दुसऱ्यावरून सरकविण्यास लागणारे कर्तन बल. घट्ट, काळ्या बेसाल्टाचे संपीडन बल सामान्यतः १०० ते ३०० मेगापास्काल असते. म्हणजे उत्तम काँक्रीटहूनही ते कितीतरी अधिक असते. त्याचे ताणबल मात्र १० ते २० मेगापास्काल एवढेच असते. हा फरक सर्वच खडकांत आढळतो व त्याचे कारण ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०-२१ च्या सुमारास काच व तत्सम ठिसूळ पदार्थांवरील संशोधनातून दाखवून दिले. पदार्थात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म चिरा असतात. ताण दिला असता प्रत्येक चिरेच्या टोकाशी प्रतिबल एकवटते व चीर पुढे धावते. संपीडनात बहुतेक चिरा मिटतात, त्यामुळे त्या वाढविण्यास कितीतरी मोठी प्रेरणा लागते. दगड फोडणारा कारागीर घणाचे घाव कोठेही न घालता छिन्नीने ओळीने खाचा पाडतो व पाचरी ठोकतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे : दगडाला दाबण्यापेक्षा फाकविणे सोपे असते.

निवण्यामुळे पडणाऱ्या भेगा : बेसाल्टाचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान सु. १,१००° ते १,२००° से. असते. निवताना तो पृष्ठभागाकडून व तळाकडून आत घट्ट होत जातो. सु. ९००° से. च्या खाली तो इतका ताठर होतो की, पुढील आकुंचन त्याला वाहून भरून काढता येत नाही. या तापमानापासून हवेच्या तापमानापर्यंत येताना १ मी. लांबीचा खडक ६ ते ७ मिमी. नी आखडू पाहतो. परंतु त्याला सर्व बाजूंनी शेजारच्या खडकाने धरून ठेवलेले असते. आकुंचन अडवले गेल्यामुळे त्यात ताण निर्माण होतो. स्थूल मानाने तापमान १° से. ने उतरले की, अडवलेल्या बेसाल्टात अर्धा मेगापास्काल ताण वाढतो. म्हणजे २०° ते ३०° से. एवढ्या थोड्या उतारातच ताणबलाची मर्यादा गाठली जाते व खडक तडकतो. हवाईतील आलाए विवरात १९६३ मध्ये साठलेल्या सु. १५ मी. जाडीच्या लाव्हा सरोवराच्या पाहणीत सांधे सु. ९००° से. तापमानाच्या आसपासच उघडतात, असे आढळून आले आहे.

या भेगांची मांडणी यदृच्छया होत नाही. सर्व बाजूंनी सारखा ताण असलेल्या पृष्ठात एका बिंदूपासून १२०° च्या कोनात तीन भेगा फुटल्या म्हणजे कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा होतो. चिखल सुकल्यावर शेतात पडणाऱ्या भेगांतही हीच प्रवृत्ती दिसते. खडक जसजसा आत निवत जातो तसतशा या भेगा थोड्या थोड्या पुढे सरकतात आणि थर पाच वा सहा बाजूंच्या स्तंभांत विभागला जातो. स्तंभाकार सांध्यांचे सुपरिचित उदाहरण म्हणजे मुंबईतील अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी होय. निवणे मंद असेल तर स्तंभ जाड होतात व जलद असेल तर बारीक होतात. मराठवाड्यातील बहुसंख्य थरांत एवढे रेखीव स्तंभ आढळत नाहीत. पण घट्ट बेसाल्टात उभ्या व तिरप्या सांध्यांचे जाळे जवळजवळ सर्वत्र असते. रस्त्यासाठी वा कालव्यासाठी केलेल्या खोदाईत ते स्वच्छ दिसते.

थराचा वरचा भाग निराळा असतो. लाव्ह्यातील वायूंचे बुडबुडे वर चढून तेथे अडकतात व मागाहून त्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट, क्वॉर्ट्झ इ. खनिजांनी भरतात. यास कुहरी बेसाल्ट म्हणतात; विहिरी खोदणाऱ्यांच्या बोलीत त्यास ‘मांजऱ्या’ असे नाव आहे. याचे बल घट्ट बेसाल्टापेक्षा पुष्कळ कमी असते. परंतु ताज्या स्थितीत त्यात सांधे थोडे असतात. म्हणून नमुन्याच्या चाचणीत दुबळा ठरणारा हा खडक कोरीव कामास मात्र सोयीचा पडतो. अंबाजोगाई येथील हत्तीखान्याच्या लेण्यांसारखी खोदकामे करणाऱ्यांना दगडाच्या कठीणपणापेक्षा त्याच्या सलगपणाची गरज अधिक होती. घट्ट पण जागोजाग सांधलेल्या खडकात विस्तीर्ण छत टिकविणे अवघड असते.

नमुन्याचे बल आणि खडकराशीचे बल यांतील हा फरक अभियांत्रिकीत फार महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेत तपासलेला मुठीएवढा दंडगोल २०० मेगापास्काल सहन करतो, म्हणून त्याच खडकाची टेकडी तेवढे प्रतिबल सहन करील असे नाही. सांध्याला ताणबल जवळजवळ नसते आणि त्याचे कर्तन बल दोन बाजूंतील घर्षणावर अवलंबून असते. जे. डी. बायर्ली यांनी १९७८ मध्ये अनेक खडकांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून दाखविले की, हे घर्षण खडकाच्या प्रकारावर फारसे अवलंबून नसते. मध्यम दाबांखाली दोन पृष्ठे सरकविण्यास त्यांवरील लंब प्रतिबलाच्या सु. ०.८५ पट कर्तन प्रतिबल लागते. सांध्यात मृत्तिका असेल तर हा नियम लागू पडत नाही. दोन लाव्हा थरांमध्ये आढळणारा लाल बोलाचा थर ओला झाला की घसरडा होतो. त्यामुळे उतारावरील दरडी आणि विहिरींच्या कडा पुष्कळदा याच पातळीवर ढासळतात. सिंदफणेवरील माजलगाव, मांजरेवरील धनेगाव यांसारख्या ठिकाणी ट्रॅपच्या प्रदेशात धरण बांधताना अशा थरांचा शोध घ्यावा लागतो. सांध्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरून पाया सांधणे हा अशा बांधकामांतील नेहमीचा उपाय आहे.

दाबाचा परिणाम : खडकाचा नमुना केवळ वरून दाबला तर तो बाजूंना फुगून उभ्या चिरांनी फुटतो. मात्र त्याच्या सर्व बाजूंनी द्रवाचा दाब ठेवला, तर चिरा उघडण्यास अडथळा होतो आणि खडक चिरडण्यास अधिक भार लागतो. या सर्वांगी दाबाचा परिणाम टेओडोर फोन कार्मान यांनी १९११ मध्ये कॅरारा येथील संगमरवरावर प्रयोग करून स्पष्ट केला. हवेच्या दाबाखाली हा संगमरवर थोड्या विकृतीनंतर ठिसूळपणे फुटला. दाब वाढवत नेल्यावर त्याचे बल वाढत गेले. पुढे तर तो न फुटता पिंपासारखा फुगला. या प्रयोगांतील कमाल दाब सु. ३२६ मेगापास्काल होता. पृथ्वीच्या पोटात एवढा दाब सु. १२ किमी. खोलीवर असतो. ठिसूळ पदार्थ केवळ दाबाने तन्य होतो, हे त्यावरून सिद्ध झाले. हा निष्कर्ष सर्व खडकांना सारखा लावता येत नाही. संगमरवरातील कॅल्साइटाचे स्फटिक सहज सरकतात. ग्रॅनाइट व बेसाल्ट यांच्या बाबतीत नेहमीच्या तापमानाला याहून कितीतरी अधिक दाब दिला, तरी ते बळकट होतात पण ठिसूळच राहतात. त्यांना तन्य करण्यास उष्णतेची जोड लागते.

खडकातील पाणी या दाबाच्या विरुद्ध कार्य करते. छिद्रांत व भेगांत कोंडलेल्या पाण्याचा दाब (रंध्रदाब) भेगेच्या दोन्ही बाजू आतून दूर ढकलतो. त्यामुळे भेग मिटविणारे परिणामी प्रतिबल म्हणजे बाहेरचा दाब वजा रंध्रदाब एवढेच उरते. मातीसाठी कार्ल टेरझागी यांनी मांडलेले हे तत्त्व एम. के. हबर्ट व डब्ल्यू. डब्ल्यू. रुबी यांनी १९५९ मध्ये पर्वतांतील विस्तीर्ण खडकपट्ट्यांच्या सरकण्याला लावले. पाणी खडकाला वंगणासारखे निसरडे करते, अशी समजूत रूढ आहे. ती पूर्णपणे बरोबर नाही. मृत्तिका नसलेल्या भेगेत पाण्याचे मुख्य कार्य वंगणाचे नसून भार उचलून धरण्याचे असते.

भेगा, खोली व भूजल : वरील दोन परिणाम एकत्र केले असता बीडसारख्या प्रदेशातील पाण्याची स्थिती समजते. भेगा उष्णतेने, म्हणजे लाव्हा निवण्याने, उत्पन्न झाल्या. पुढे वरच्या थरांच्या भाराने त्या आवळल्या गेल्या. आणि वरचे खडक झिजून भार कमी झाला तेव्हा पृष्ठभागाजवळच्या भेगा पुन्हा सैल झाल्या. भार उतरल्यावर खडक वरच्या दिशेने किंचित प्रसरण पावतो व त्यात पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असे आडवे सांधे उघडतात. झिजलेल्या कुहरी बेसाल्टात असे सांधे दाटीने आढळतात. उघड्या विहिरीत पाझर बहुधा अशाच आडव्या पट्ट्यांतून वा दोन थरांच्या सांध्यातून येतो. विहिरीच्या तळातून आडवे बोअर घेण्याची जी पद्धत आहे, तिचा उद्देश उभ्या सांध्यांना छेद देणे हा असतो व काही ठिकाणी त्याचा उपयोगही होतो.

जमिनीखाली १०० मी. खोलीवर वरच्या बेसाल्टाचा भार सु. २.८ मेगापास्काल असतो. म्हणजे आडव्या भेगेच्या दर चौ. सेंमी. वर २८ किग्रॅ. भार असतो. ३०० मी. वर तो याच्या तिप्पट होतो. भेगेतून वाहणारे पाणी हे तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते. सर्व परिस्थिती सारखी ठेवून भेगेची रुंदी निम्मी झाली, तर प्रवाह अर्धा न होता एक अष्टमांश होतो आणि रुंदी एक तृतीयांश झाली, तर प्रवाह सत्ताविसावा भाग उरतो. म्हणून खोलीबरोबर भेगांची संख्या जेवढी घटते त्याहून पाणी वाहून नेण्याची त्यांची क्षमता पुष्कळ अधिक वेगाने घटते. १९७२ च्या, तसेच २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत विंधन विहिरी अधिकाधिक खोल नेण्याकडे लोकांचा कल झाला. खोल गेल्यावर पाणी लागणारच, हा समज गाळाच्या प्रदेशात एक वेळ खरा ठरेल. सलग बेसाल्टात तो बहुधा खोटा ठरतो. याला अपवाद आहेत. खोलवरचा एखादा थरांचा सांधा किंवा उभा भेगपट्टा उघडा राहिलेला असतो व तेथे चांगले पाणी लागते. परंतु वरून भरणा होण्याचा मार्ग अरुंद असल्याने असे पाणी काही हंगामांत उपसून संपते. यशस्वी झालेली एक खोल विहीर गावभर चर्चेत राहते आणि कोरड्या गेलेल्या दहांचा खर्च ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, हेही हा समज टिकून राहण्याचे एक कारण आहे.

उपशाचाही भेगांवर परिणाम होतो. पाण्याची पातळी जमिनीलगत असताना १०० मी. खोलीवरील आडव्या भेगेत सु. १ मेगापास्काल रंध्रदाब असतो व तो भाराचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पेलतो. पातळी खाली नेली की, हा आधार जातो व भेग थोडी अधिक मिटते. पाणी परत भरल्यावर ती बहुतांशी उघडते. मात्र सांध्यातील मृत्तिका एकदा दाबली गेली म्हणजे पूर्ववत होत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यात ६० मी. वा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीला ‘खोल विहीर’ मानून तिच्यावर नियंत्रण ठेवण्याची तरतूद केली आहे. ट्रॅपच्या प्रदेशात उपलब्ध पाण्याचा मोठा भाग या खोलीच्या वरच असतो, हे लक्षात घेता ही मर्यादा शास्त्राला धरून आहे.

बीड शहराजवळील खजाना बावडी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीच्या अमलात बांधलेल्या या विहिरीचे वैशिष्ट्य तिच्या खोलीत नसून तिच्या भुयारी मार्गांत आहे. दोन मार्गांनी पाणी विहिरीत येते व तिसऱ्याने ते शेतीकडे नेले जाते. पृष्ठभागाजवळच्या पाणी धरणाऱ्या पट्ट्याला आडवा छेद देऊन दूरवरचा पाझर गोळा करण्याची ही रीत आहे. सांधलेल्या व झिजलेल्या खडकातून पाणी मिळविण्यास उभ्या खोल छिद्रापेक्षा ती अधिक अनुरूप ठरते.

उष्णतेचा परिणाम : खडकातील निरनिराळी खनिजे तापविल्यावर निरनिराळ्या प्रमाणात व स्फटिकाच्या निरनिराळ्या दिशांना कमीजास्त प्रसरण पावतात. त्यामुळे कणांच्या सीमांवर प्रतिबल निर्माण होऊन सूक्ष्म चिरा पडतात. ग्रॅनाइटात क्वॉर्ट्झाचे प्रमाण मोठे असते. क्वॉर्ट्झाची स्फटिकरचना ५७३° से. ला बदलते व त्या तापमानाच्या आसपास ते एकदम प्रसरण पावते. म्हणून एवढा तापलेला ग्रॅनाइट निवल्यावर अतिशय दुबळा होतो. बेसाल्टातील मुख्य खनिजे प्लॅजिओक्लेज फेल्स्पार व पायरोक्सीन ही असल्यामुळे तो काही शतक अंशांपर्यंतची उष्णता पुष्कळ चांगली सहन करतो. कुहरी बेसाल्टाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील झिओलाइटांच्या संरचनेत पाणी असते व ते तापविल्यावर निघून जाते, ए. एफ. क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये या खनिजांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले ते यामुळेच. म्हणून चुलीसाठी वा भट्टीसाठी दगड निवडताना पांढऱ्या ठिपक्यांचा दगड टाळणे इष्ट असते.

खडक तापवून त्यावर पाणी ओतून तो फोडण्याची रीत सुरुंगाची दारू प्रचारात येण्यापूर्वी अनेक देशांत रूढ होती. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, आज कर्नाटकात असलेल्या हट्टी येथील सोन्याच्या प्राचीन खाणी या रीतीने सु. २०० मी. खोलीपर्यंत गेल्या होत्या. अग्नीमुळे पृष्ठभाग फुगून त्याचे पापुद्रे निघतात आणि पाण्याने तो अकस्मात आखडून ताणाने तडकतो. अशा दोन्ही टप्प्यांत खडक कधीही भाराने चिरडला जात नाही. त्याच्या कमी ताणबलाचाच फायदा घेतला जातो.

दिवसाचे ऊन व रात्रीचा गारवा यांमुळे दगड फुटतात, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से. च्या वर जाते व काळ्या दगडाचा पृष्ठभाग त्याहूनही पुष्कळ तापतो, तेव्हा हे स्वाभाविक वाटते. डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या मताला धक्का दिला. त्यांनी ग्रॅनाइटाचा तुकडा ८९,४०० वेळा तापविला व निवविला. हे २४४ वर्षांतील दिवसरात्रींइतके होते. कोरड्या हवेत खडकावर लक्षात येण्यासारखा परिणाम झाला नाही. निवविताना पाण्याचा फवारा वापरल्यावर मात्र थोड्याच अवधीत पृष्ठभागात बदल दिसू लागला. पुढील संशोधनाने केवळ उष्णतेमुळेही सूक्ष्म चिरा वाढू शकतात, हे दाखविले असले, तरी पाण्याचा सहभाग निर्णायक असतो हा निष्कर्ष कायम आहे. चिरेच्या टोकाशी ताणलेले सिलिकेटाचे बंध पाण्यामुळे सहज तुटतात. बेसाल्टाचे गोटे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जाताना दिसतात, तेही मुख्यतः सांध्यांतून शिरलेल्या पाण्याने फेल्स्पार व पायरोक्सीन यांची मृत्तिका होऊन ती फुगल्यामुळे. उरलेला भुसभुशीत भाग म्हणजे मुरूम होय.

खोलवरील स्थिती व भूकंप : दख्खनसारख्या जुन्या, स्थिर भूखंडात तापमान दर किलोमीटरला साधारणतः १५° ते २५° से. ने वाढते. दाबही वाढत असल्याने सुरुवातीस खडक खोलीबरोबर बळकट होत जातो व त्यातील विभंगाच्या बाजूंना सरकण्यास अधिकाधिक प्रतिबल लागते. सु. ३००° ते ३५०° से. तापमानाला क्वॉर्ट्झ हळूहळू आकार्य होऊ लागते. फेल्स्पाराला याहून बरेच जास्त तापमान लागते. या पातळीखाली खडक प्रतिबल साठवून एकदम तुटण्याऐवजी अतिशय मंद गतीने वाहतो. कवचाचा ठिसूळ भाग आणि तन्य भाग यांमधील ही सीमा अशा थंड भूखंडात सु. १५ किमी. किंवा त्याहून अधिक खोलीवर असते व बहुतेक भूकंप तिच्या वर होतात. थंड भूखंडात ठिसूळ भाग जाड असतो, म्हणून तेथे भूकंप क्वचित झाले, तरी ते मोठे असू शकतात.

लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या ६.२ परिमाणाच्या भूकंपाने याचा दुःखद प्रत्यय दिला. किल्लारी हे अंबाजोगाईपासून सरळ रेषेत सु. ७५ किमी. अंतरावर आहे. हा प्रदेश तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानला जाई. भूकंपाचे केंद्र फार उथळ, अवघ्या काही किलोमीटर खोलीवर होते व संपीडनामुळे झालेल्या भंजनाच्या खुणा जमिनीवरही उमटल्या. पुढे तेथे घेतलेल्या ६१७ मी. खोल वेधनछिद्रात बेसाल्टाची जाडी ३३८ मी., त्याखाली ८ मी. गाळाचे खडक व त्यानंतर आर्कीयन कालीन अतिप्राचीन पायाभूत खडक आढळले. यावरून तुटलेला खडक हा मुख्यतः ट्रॅप नसून त्याखालचा पाया होता, हे स्पष्ट होते. कोयना येथे ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपाच्या बाबतीत रंध्रदाबाचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. १९६२ पासून भरू लागलेल्या शिवाजीसागर जलाशयाच्या पाण्याचा दाब भेगांवाटे खोल पोहोचून आधीच प्रतिबलाखाली असलेल्या विभंगावरील परिणामी प्रतिबल घटले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तेथे २०१७ मध्ये सु. ३ किमी. खोलीचे वेधनछिद्र पूर्ण झाले. त्यात बेसाल्टाची जाडी सु. १,२५० मी. भरली आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागले.

किल्लारीच्या भूकंपात सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः घरांच्या भिंतींखाली व माळवदांखाली. या भिंती बेसाल्टाच्याच होत्या. त्यांतील प्रत्येक दगड १०० मेगापास्कालहून अधिक संपीडन सहन करू शकणारा असला, तरी भिंत ६० सेंमी. किंवा त्याहून जाड, आतली व बाहेरची अशा दोन वेगळ्या पाळींची, मध्ये दगडगोट्यांची भरती केलेली आणि मातीत रचलेली असे. तिचे ताणबल म्हणजे त्या मातीचे ताणबल, अर्थात जवळजवळ शून्य. आडव्या हादऱ्याने दोन पाळी एकमेकींपासून सुटल्या व वरच्या मातीच्या जड छताने त्या कोसळल्या. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत दोन्ही पाळींना बांधणारे आरपार दगड किंवा त्यांच्या जागी काँक्रीटचे सांधे ठराविक अंतराने बसविणे, खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सलग पट्टा बांधणे व माळवदावरील मातीचा थर कमी करणे हे उपाय सुचविण्यात आले. बीड जिल्ह्यातील जुन्या गावांत याच घडणीची घरे अद्यापही आढळतात.